कपाटात राहिलेला पोशाख

१

सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी जेम्मा क्युरिएलने अकरा पाहुण्यांसमोर ज्यूंच्या जुन्या प्रार्थनामंदिरातल्या पवित्र कपाटाची दारं उघडली, आणि आत तोराची पोथी नव्हती.

तिने दारं परत लावली.

"आता आपण या बाजूला येऊ," ती पाहुण्यांना म्हणाली. मग पुढची पंधरा मिनिटं ती पाच खिडक्यांविषयी, नक्षीच्या छताविषयी आणि वरच्या बायकांच्या सज्जाविषयी रोजच्या चालीत बोलत राहिली. कोपऱ्यातल्या पांढऱ्या चादरीखालच्या उंच खुर्चीपाशी थांबून तिने सांगितलं, की ही एलियाहू संदेष्ट्याची; बाळाची सुंता होते त्या दिवशी तो अदृश्य रूपाने येऊन इथे बसतो, म्हणून एरवी इथे कुणी बसत नाही. गेल्या सोळा वर्षांत या वस्तीत मुलगा जन्मला नव्हता, हे तिने सांगितलं नाही. एका मुलीने विचारलं, तोरा दाखवणार नाही का?

"आज नाही," जेम्मा म्हणाली.

पाहुणे लाकडी जिना खडखडवत खाली चौकात गेले, तशी ती कपाटाकडे परतली. पोथीचा लाल मखमली अंगरखा नीट घडी घालून ठेवलेला. त्यावर तिला बांधायचा रेशमी पट्टा, गोल गुंडाळून. शेजारी चांदीचा मुकुट, घुंगरांचे दोन कळस, आणि वाचताना ओळीवरून फिरवायचा चांदीचा छोटा हात. पोथीचं सगळं होतं. फक्त पोथी नव्हती. तीनशे वर्षांची, आठ-नऊ किलो वजनाची, या एवढ्याशा सिनेगॉगची एकुलती एक.

आपण घाबरायला हवं, असं जेम्माला वाटलं. ती थोडा वेळ थांबली. काही आलं नाही. बाबांना जाऊन तेवीस दिवस झाले होते आणि तेव्हापासून सगळं असंच होतं. दंतवैद्याने सुई दिल्यावर गाल असतो ना, आपलाच असतो पण चावला तरी कळत नाही, तसं.

सिनेगॉगचे अध्यक्ष एत्तोरे रावेन्ना धापा टाकत जिना चढून आले. देह मोठा, गुडघे अधू, आणि व्हेनिसमध्ये तर दर दहा पावलांवर पायऱ्या. त्यांनी बाकांखाली पाहिलं, सज्जात पाहिलं, फाटक्या प्रार्थनापुस्तकांची पेटी उपसली. एलियाहूच्या खुर्चीला वळसा घालून पडद्यामागेही पाहिलं.

"काल शेवटची कधी पाहिलीस?"

"एक वाजता. शेवटच्या गटाला दाखवली आणि कुलूप लावलं."

"आणि मग आज दहा वाजता. किल्ल्या तीन. एक माझ्याकडे, एक तुझ्याकडे." अध्यक्षांनी रुमालाने मान पुसली. "तिसरी औरिकाकडे. आज आठ वाजता ती इथे एकटी झाडत होती."

"औरिका नऊ वर्षं इथे झाडते आहे, रावेन्नासाहेब. बाबांचं दुखणं दोन वर्षं तिने काढलं."

"म्हणूनच मी लगेच पोलिसांत गेलो नाही. उद्या संध्याकाळी पाचपर्यंत थांबतो. पोथी परत आली तर मी काही विचारणार नाही. नाही आली तर मला तिचं नाव द्यावंच लागेल." ते जिन्याकडे वळले आणि परत फिरले. "आणि वृद्धाश्रमात यातलं अक्षर जाता कामा नये. नऊ म्हाताऱ्या आणि दोन म्हातारे, सगळ्यांची हृदयं कागदाची आहेत."

औरिका मोल्दोव्हाची. तिचा राहण्याचा परवाना मार्चमध्ये नवा व्हायचा होता. पोलिसांत नाव गेलं की तो होणार नव्हता, आणि तिला देश सोडावा लागला असता. हे अध्यक्षांनाही माहीत होतं आणि जेम्मालाही.

उद्या पाच. जेमतेम तीस तास होते.

२

औरिकाला त्याच दुपारी कचेरीत बोलावून अध्यक्षांनी तिची किल्ली काढून घेतली. ती बाहेर आली तेव्हा जेम्मा पुलावर उभी होती. दोघी बोटीच्या थांब्याकडे चालू लागल्या. धुकं इतकं, की कालव्यापलीकडची घरं नुसत्या खिडक्यांची दिसत होती.

"किल्लीबरोबर माझी साखळीही घेतली त्यांनी," औरिका म्हणाली. "माझ्या बहिणीने दिलेली होती. परत मागायला लाज वाटली."

"मी आणून देते."

"राहू दे."

जेम्मा तिच्याकडे पाहत चालत राहिली. ही बाई बाबांना रव्याची खीर भरवायची. प्रत्येक चमचा आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहायची, गरम तर नाही ना. शेवटच्या आठवड्यात बाबा तिलाच जेम्मा म्हणत आणि ती ओ देत असे. हे सगळं जेम्माला आठवत होतं, पाठ केलेल्या धड्यासारखं.

"सकाळी काय काय केलंस ते सांग," ती म्हणाली.

"पोलिसांसारखं विचारते आहेस."

"पोलीस विचारण्याआधी विचारते आहे."

औरिकाने एक निःश्वास टाकला. "आठला आले. झाडलं. मेणबत्त्यांचं मेण खरवडलं. कपाटाची दारं बाहेरून पुसली, आत मी कधी हात घालत नाही, ते तुला माहीत आहे. हां, वाचायच्या चौथऱ्याच्या पायरीशी लाकडाचा तुकडा मिळाला. बोटाएवढा, काळसर, गुळगुळीत. मला वाटलं, तुमच्या पाहुण्यांनी परत एखादं बाक मोडलं. खिडकीत ठेवला आहे, सुताराला दाखवायला."

"बाक मोडलं होतं?"

"सगळी बाकं पाहिली. एकही नाही."

बोट आली. औरिका चढली, आणि साखळदंड ओढला जात असताना मागे वळून म्हणाली, "जेम्मा, तुला काय वाटतं? मी घेतली?"

बोटीचं इंजिन गुरगुरलं. जेम्माने मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, हे धुक्यातून औरिकाला दिसलं नसावं. खरं तर जेम्मालाही ते नीटसं माहीत नव्हतं.

ती थेट वर गेली. खिडकीत तुकडा होताच. तिने तो नाकाला लावला. मेणाचा नाही, जुन्या कातड्याचा वास आला. पोथी ज्या दोन दांड्यांवर गुंडाळलेली असते, त्यांतल्या एकीचं ते टोक होतं.

३

रविवारच्या शेवटच्या गटात एक माणूस होता, स्वित्झर्लंडमधल्या झुरिकचा कोर्नेलिउस फ्राय. त्याने पोथीचं वय विचारलं होतं, कातडं कुठल्या जनावराचं ते विचारलं होतं, आणि निघताना म्हणाला होता, जुनी हस्तलिखितं जमवतो मी. तो स्टेशनजवळच्या एका छोट्या हॉटेलात उतरला होता आणि जेम्मा संध्याकाळी तिथे पोचली तेव्हा अर्धवट उकडलेलं अंडं चमच्याने खात होता.

"बसा, बाई. मी चोर आहे का हे विचारायला आलात ना?" तो म्हणाला. "तुमच्या अध्यक्षांचा फोन येऊन गेला. पासष्टाव्या वर्षी माझ्यावर पहिल्यांदाच कुणी असा विश्वास दाखवला."

"घ्यावीशी वाटली होती का?"

"वाटली होती की! मला पोस्टातलं कॅलेंडरही घ्यावंसं वाटतं." त्याने रुमालाने मिशी टिपली. "पण घेताना मी ती तिच्या कपड्यांसकट घेतली असती. अंगरखा, पट्टा, सगळं मागेच राहिलं म्हणे? मग हा चोर एक तर मूर्ख आहे किंवा चोर नाही. बांधलेली नसलेली पोथी हातात घेऊन तुमचा तो जिना उतरून दाखवा मला. दुसऱ्या वळणावर ती उलगडेल आणि तुम्ही तिच्यासकट खाली याल."

"रविवारी दुपारी तुम्ही कुठे होतात?"

"मुरानो बेटावर. तिथून बहिणीसाठी काचेचा घोडा घेतला. पाय आताच मोडला आहे, पाहा." त्याने खरोखरच खिशातून तीन पायांचा घोडा काढून टेबलावर ठेवला. तो लगेच आडवा झाला.

परत येताना जेम्मा एकाच गोष्टीपाशी अडकली. अंगरखा मागे राहिला म्हणजे काय? चोराने पोथी बाहेर काढली आणि मग तिचे कपडे उतरवले? कशासाठी? पोथीचा मुकुट उतरवतात, कळस उतरवतात, अंगरखा काढतात, पट्टा सोडतात, तो एकाच कामासाठी. आणि त्या कामाशिवाय चांदीचा हातही तिच्या अंगावरून कुणी उतरवत नाही.

पोथी नाहीशी झाली तेव्हा तिला कुणीतरी वाचत होतं.

४

बिनस्वरांची, बिनविरामांची ती अक्षरं वाचू शकणारी माणसं या सिनेगॉगमध्ये उरली होती किती? अध्यक्ष रावेन्ना प्रार्थनेत ओठ हलवायचे आणि शेवटी आमेन तेवढं जोरात म्हणायचे. औरिकाचा प्रश्नच नव्हता. रब्बी, म्हणजे धर्मगुरू, दर शुक्रवारी पादोव्याहून येत आणि रविवारी सकाळच्या गाडीने परत जात. तीस वर्षं वाचत आलेला माणूस होता सामुएले क्युरिएल, म्हणजे बाबा.

आणि बाबांकडे चौथी किल्ली होती.

मंगळवारी सकाळी, अंघोळीच्या आधी, हे जेम्माच्या लक्षात आलं. इतक्या उशिरा. बाबांच्या खोलीतल्या मेजाचा दुसरा खण. चष्मा, औषधांचे कागद, घड्याळ, आणि हिरव्या दोऱ्यातली किल्ली. सात दिवसांचं सुतक धरून ती घरात बसली होती, तेव्हा ती किल्ली तिथे होती. तिने स्वतः पाहिली होती.

खणात चष्मा होता. कागद होते. घड्याळ अजून चालू होतं.

किल्ली नव्हती.

ती खुर्चीवर बसली. सुतकाच्या सात दिवसांत कोण कोण आलं? सगळी वस्ती आली. उकडलेली अंडी आणली, मसुरीचं सूप आणलं, तिला जमिनीलगत बसलेली पाहून वाकून वाकून कुजबुजले. कोण काय बोललं, तिने काय उत्तर दिलं, कोणी पाणी मागितलं, कोणाला तिने दार उघडून दिलं, काही म्हणजे काही आठवेना. सात दिवस होते, पण त्यांच्या आत काही नव्हतं. घरात तर औरिकाही होती. रोज होती. भांडी घासत होती, त्याच खोलीतून ये-जा करत होती.

हे अध्यक्षांना कळलं, की औरिकाविरुद्ध आणखी एक गोष्ट झाली असती. आणि कळवलं नाही, तर तपास करणारीच काहीतरी लपवते आहे असं झालं असतं.

मेजावर बाबांच्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवलेली होती, दवाखान्यात जाण्याआधीची. 'वाचनाचं इझायाला सांग. तो नाही म्हणेल. तरी सांग.'

इझाया पोलाक्को. वस्तीतले मास्तर. चौऱ्याऐंशी वर्षांचे, वृद्धाश्रमात राहणारे. येत्या शब्बाथला, म्हणजे शनिवारी, बाबांच्या तिसाव्या दिवसानिमित्तचं वाचन तेच करणार होते.

५

वृद्धाश्रम चौकाच्या पलीकडेच. जेवणाच्या खोलीत साडेबाराला अकराही जणांसमोर सूप वाफाळत होतं, आणि दहा जण ते पीत होते.

"ये, जेम्मा, ये!" आलेग्रामावशीने चमच्यानेच खूण केली. नव्वदीची बाई, कानात मोती, तोंडात एकही दात स्वतःचा नाही. "बघ गं, तुझ्या मास्तरांचे नखरे. कालपासून दिवसभर घास नाही. काल म्हणे रक्त तपासायचं आहे. आज म्हणे पोट बिघडलंय. न खाता पोट बिघडतं कसं, ते विचार."

"आलेग्रा, तू तुझं पी," मास्तर म्हणाले. ताटलीला त्यांनी स्पर्शही केला नव्हता. हात मांडीवर होते, आणि मांडीवरही थरथरत होते.

"पिते की! आणि सकाळच्या प्रार्थनेला काय घालून आले होते, माहीत आहे? पाहुण्यांच्या पेटीतली शाल! ती पांढरी, आखूड, टोमॅटोचा डाग पडलेली. पन्नास वर्षं तुमची ती रेशमी शाल मिरवलीत, मास्तर, आम्ही बायका तिच्यासाठीच वरून वाकून बघायचो. तुम्हाला नव्हे, शालीला. कुठे गेली?"

"धुवायला टाकली आहे."

"रेशीम? फेब्रुवारीत?"

सगळ्या हसल्या. मास्तरही ओठांच्या कडेने हसले, आणि त्या हसण्यात जेम्माशी नजरानजर झाली तशी त्यांनी ती सूपकडे वळवली. काल अकरा वाजता कॉफीच्या दुकानातही ते नव्हते, हे आता तिला आठवलं. तिथल्या पोऱ्याने कप काढून ठेवला होता, तसाच.

पोथी पडताना जो पाहतो, त्याने चाळीस दिवस उपास करायचा. सकाळपासून चांदण्या दिसेपर्यंत. वस्तीतल्या प्रत्येकाला हे लहानपणी सांगितलेलं असतं आणि कुणीही ते कधी पाहिलेलं नसतं.

जेम्मा उठली. चौक ओलांडून वर गेली आणि सिनेगॉगच्या मधोमध उभी राहिली. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस. दांडी तुटलेली, कातडं फाटलेलं, पोथी खाली नेणं अशक्य. जमिनीवर ती ठेवता येत नाही. बाकावर, जिथे कुणी बसतं तिथे, ठेवता येत नाही. फाटक्या पुस्तकांच्या पेटीत, पुरण्याची वाट पाहणाऱ्यांत, त्यांनी ती ठेवली नसती. मग त्या माणसाला या खोलीत पोथीच्या मानाची अशी एकच जागा दिसली असणार. आणि तिथे वस्तीतलं कुणीही शोधणार नव्हतं. अध्यक्षांनी तिला वळसा घातला होता. तिने स्वतः काल तिच्यापुढे उभं राहून भाषण केलं होतं.

तिने एलियाहूच्या खुर्चीवरची चादर उचलली.

रेशमी शालीत, कडा आत दुमडून, गाठ न मारता, पोथी आडवी निजवलेली होती. डोक्याच्या बाजूला छोटी उशी होती.

६

"तू चादर परत घातलीस ना?" मास्तरांनी पहिलं हेच विचारलं.

तीन वाजले होते. त्यांच्या खोलीत एक पलंग, एक खुर्ची, आणि छताला टेकलेली पुस्तकं. जेम्मा पलंगावर बसली.

"घातली. मास्तर, किल्ली कशी मिळाली तुम्हाला?"

ते तिच्याकडे बघत राहिले. "तू दिलीस, पोरी."

"मी?"

"सुतकाच्या सातव्या दिवशी. मी म्हणालो, सामुएलेच्या तिसाव्याला मला वाचायचं आहे, सराव करावा लागेल. तू उठलीस, खण उघडलास, माझ्या हातात किल्ली ठेवलीस. दार लावताना म्हणालीस, जपून, पायरी निसरडी आहे." त्यांनी खिशातून हिरवा दोरा काढून तिच्या तळहातावर ठेवला. "तुला आठवत नाही?"

"नाही."

"हं," मास्तर म्हणाले. 

मग त्यांनी सांगितलं. रविवारी दुपारी तीनला ते वर गेले. तीस वर्षांत त्यांनी पोथीतून वाचलं नव्हतं. सामुएले असताना गरजच नव्हती. पाऊण तास वाचलं, बरं वाचलं. आणि परत ठेवायला उचलली तेव्हा हातांनी दगा दिला. पायरीवर आपटली. एक दांडी मोडली आणि दोन पानांमधली शिवण उसवत गेली.

"तो आवाज, जेम्मा," ते म्हणाले आणि थांबले. "पुन्हा उचलली कशी, मला माहीत नाही. कपाटात ठेवली असती, तर कुणीतरी तशीच काढली असती आणि ती आणखी फाटली असती; पाहुण्यांना तू रोज कपाट उघडून दाखवतेस, हे डोक्यातच आलं नाही. म्हणून कपडे, चांदी परत जागेवर ठेवली आणि हिला तिथे निजवली. पोथ्या दुरुस्त करणाऱ्या मिलानच्या लेखनिकाला फोन केला आहे. गुरुवारी येतो म्हणाला. सगळं नीट करून शनिवारी मी वाचणार होतो."

"रब्बींना का नाही सांगितलंत?"

"रब्बी सांगतील अख्ख्या वस्तीने उपास धरा. आणि खालच्या त्या नऊ जणी! डॉक्टर मीठ कमी करा म्हणाला तर त्याच्याशी भांडतात, पण उपास म्हटलं की बघ. आलेग्राचं हृदय, रेजीनाची साखर. चाळीस दिवसांत मी चौघींना पुरेन. पडताना पाहिलं मी एकट्याने. मग मी एकट्यानेच धरायचा. हिशेब सरळ आहे."

"चौऱ्याऐंशीव्या वर्षी?"

"मला कोण मागे आहे?"

जेम्मा तळहातावरचा दोरा पाहत होती. "मास्तर, पोथी नाही हे सोमवारी सकाळीच कळलं. अध्यक्षांनी तुम्हा कुणाला सांगू नका म्हणून सांगितलं. त्यांना वाटतं, औरिकाने नेली. आज पाच वाजता ते पोलिसांत जाणार आहेत."

मास्तर खुर्चीचे हात धरून उभे राहिले, डोलले, आणि म्हणाले, "माझा कोट दे."

"मी सांगते त्यांना, तुम्ही बसा."

"कोट दे, जेम्मा. ज्याने पाडली तो सांगेल."

पाच पुलांइतका वेळ त्यांना एका चौकाला लागला. अध्यक्ष रावेन्ना टोपी घालून कचेरीचं दार ओढत होते. मास्तरांनी तिथेच, उंबऱ्यात, चार वाक्यांत सांगितलं. अध्यक्षांनी टोपी काढली. मग पुन्हा घातली. मग आत जाऊन रब्बींना फोन लावला आणि ऐकू कमी येतं म्हणून स्पीकर मोठ्या आवाजात चालू केला, त्यामुळे चौकातल्या उघड्या खिडकीत बसलेल्या आलेग्रामावशीला सगळं ऐकू गेलं.

सगळं ऐकून रब्बी म्हणाले, "इझाया, आज सूर्य मावळला की जेवा, आणि उद्यापासून उपास बंद. हा माझा हुकूम आहे. चाळीस दिवस एका माणसाने धरायचे असं कुठे आहे? चाळीस माणसं, एकेक दिवस. ज्यांना औषधं आहेत त्यांनी त्या दिवशी फक्त स्तोत्रं म्हणायची. माझा पहिला."

"दुसरा माझा!" खिडकीतून आलेग्रामावशी ओरडली. "आणि मला कुणी स्तोत्रं शिकवू नका!"

मास्तर भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी डोळे मिटले होते.

"रावेन्नासाहेब," जेम्मा म्हणाली, "औरिका."

"हो, हो. मी फोन करतो तिला."

"फोन नको. स्वतः जा तिच्याकडे."

७

औरिका मेस्त्रेला राहत होती, पुलापलीकडे, चौथ्या मजल्यावर. जेम्मा सहाला पोचली तेव्हा स्वयंपाकघराच्या ओट्यावर मक्याचं शिजवलेलं घट्ट पीठ थापून ठेवलं होतं आणि औरिका ते दोऱ्याने कापत होती. खुर्चीवर एक बॅग होती. अर्धी भरलेली.

जेम्माने सगळं सांगितलं. औरिकाने मध्ये एकदाही विचारलं नाही. शेवटचा काप कापून झाला, तशी तिने दोरा धुतला आणि नळावर वाळत घातला.

"म्हातारा खातोय ना आता?"

"सूर्य मावळला, आता बसले असतील जेवायला."

"सूप पातळ द्या म्हणावं. दोन दिवस रिकामं पोट." तिने हात पुसले. "बोटीत चढताना मी तुला विचारलं होतं, मी घेतली असं तुला वाटतं का. तू मान हलवलीस. मला दिसलं नाही."

जेम्मा खोटं बोलू शकली असती. सोपं होतं. नाही गं, मला कधीच वाटलं नाही, एवढंच म्हणायचं होतं.

"मला काहीच वाटलं नाही," ती म्हणाली. "घेतली असंही नाही, नाही घेतली असंही नाही. बाबा गेल्यापासून मला काही वाटतच नाही. म्हणून मी विचार केला. मोजून, एकामागून एक, गणितासारखा. गणित तुझ्या बाजूने सुटलं."

औरिकाने हात पुसायचं फडकं खाली ठेवलं.

"आणि सुटलं नसतं तर?"

जेम्माने खुर्चीवरच्या बॅगेकडे पाहिलं.

"किल्ली तू दिलीस आणि विसरलीस," औरिका म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "मी तिथेच होते. भांडी घासत. तू त्यांना दिलीस ते मी पाहिलं होतं. मला कुणी विचारलं असतं, तर काल दुपारीच सांगितलं असतं. पण तू झाडलेलं, पुसलेलं विचारलंस."

खाली रस्त्यावर मोटारीचं दार वाजलं. औरिकाने खिडकीतून पाहिलं.

"तुमचे अध्यक्ष," ती म्हणाली. "हातात केक आहे. आणि माझी साखळी, वाटतं."

"मी त्यांना वर आणते."

"नको. बस तू."

"लिफ्ट बंद आहे, औरिका. त्यांचे गुडघे..."

"मला माहीत आहे बंद आहे. तीन आठवडे मी चढते आहे."

जिन्यात पावलं सुरू झाली. जड, एका पायाला जास्त जोर. पहिल्या मजल्यावर ती थांबली. कुणीतरी खोकलं. पुन्हा सुरू झाली.

औरिकाने दोन ताटल्या काढल्या, मक्याचे काप ठेवले, त्यावर चीज किसलं आणि एक जेम्मापुढे सरकवली. दुसऱ्या मजल्यावर पावलं पुन्हा थांबली, कठडा करकरला, दमलेला, मोठा श्वास जिन्याच्या पोकळीतून वर आला. जेम्माच्या डोळ्यांतून अचानक पाणी येऊ लागलं. बाबांसाठी की जिन्यातल्या त्या माणसासाठी की बॅगेसाठी, तिला कळेना. तिने ते पुसलं नाही.

औरिकाने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"दार उघडू?" जेम्माने विचारलं.

"अजून दोन मजले आहेत," औरिका म्हणाली आणि जेवायला बसली. "येऊ दे त्यांना."